वडिलांचा रकाना

अंबादास पवईतल्या एका छोट्या कंपनीत शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचा. डेटाबेसमधले तक्ते तोच आखायचा. कुठली माहिती कुठल्या रकान्यात, कुठला रकाना रिकामा ठेवता येणार नाही, सगळं त्याच्या हातात. उपनगरांतल्या साठेक शाळा त्याच्या तक्त्यांवर चालत होत्या.

सहा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचा तक्ता त्याने एका दुपारीत उरकला होता. मुलाचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वडिलांचा मोबाइल, आईचा मोबाइल. वडिलांचे दोन्ही रकाने सक्तीचे. ते भरल्याशिवाय प्रवेशाची नोंद पुढे सरकायचीच नाही. शाळेचे मेसेजही वडिलांच्याच नंबरवर जाणार. सोबत काम करणारी गंधाली तेव्हाच म्हणाली होती, "अरे, एखाद्या घरात वडील नसले तर? पालकांचा वेगळा तक्ता कर ना. मग एका मुलाला हवे ते पालक जोडता येतील."

"दोन-चार जणांसाठी कशाला वाढवायचं गं? सोमवारी डेमो आहे," म्हणत त्याने विषय संपवला.

यंदा जानेवारीत चारकोपच्या एका शाळेतून क्लार्कबाईंचा फोन आला. बाई रडवेल्या झाल्या होत्या. "सर, एका मुलीच्या वडिलांचा नंबर काढायचाय. सिस्टीम सोडत नाही हो."

त्याने कारण विचारलं. तिसरीतल्या तेजलची आई, कमल, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलीला घेऊन गेल्या वर्षी इथे आली होती. कुठे राहते याचा तिने त्याला पत्ता लागू दिला नव्हता. फॉर्मवर वडिलांचा नंबर तिने मुद्दाम सोडला होता. पण संगणक पुढे जाईना, म्हणून बाईंनी तो जुन्या शाळेच्या कागदांवरून उतरवून घेतला. मग परवा शाळेने मेसेजची सोय पहिल्यांदाच सुरू केली, आणि शाळेच्या नावानिशी पहिलाच मेसेज त्याच्या नंबरवर गेला: सहलीची बस चार वाजता मागच्या गेटवर येईल.

चार वाजता नवरा गेटवर उभा होता. त्याने पोरीला हाताला धरून ओढलं. कमल मध्ये पडली, तिचं मनगट मोडलं. बसच्या ड्रायव्हरने आणि शिक्षकांनी तेजलला सोडवलं.

अंबादासने तिथल्या तिथे नंबर काढला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला, तेव्हा कमल प्लॅस्टरमधला हात सांभाळत दाखला न्यायला आली होती.

"ताई, ती सिस्टीम मी बनवलीय," तो म्हणाला.

"मी बाईंना म्हटलं होतं, रिकामं ठेवा."

"ठेवता येत नव्हतं."

"असं कोणी ठरवलं?"

"मी."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि नव्या शाळेत पण तुमचंच असलं तर?"

"कुठली शाळा? मी आजच बघतो."

"ते तुम्हाला कशाला सांगू?" म्हणत ती दाखला घेऊन निघून गेली.

अंबादासने ऑफिसात येऊन गंधालीला सगळं सांगितलं. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही, हे त्याला जास्त लागलं. दोघांनी पालकांचा वेगळा तक्ता आखला. नातं कुठलंही चालेल, पालक एक असो वा चार, मेसेज कोणाला जायचा आणि कोणाला नाही ते वेगळं नोंदवायचं, आणि वडील सक्तीचे नाहीत.

जुनी माहिती नव्या तक्त्यात हलवताना त्याने वडिलांचे रकाने प्रथमच वाचून पाहिले. कुठे नावाच्या जागी नुसतं टिंब, कुठे 'नाही नाही'. नंबरच्या जागी दहा वेळा नऊ. अशा नोंदी चारशे अकरा निघाल्या. साठ शाळांतल्या क्लार्कबाया सहा वर्षं त्याच्या तक्त्याला फसवून वेळ निभावत होत्या, आणि त्याला वाटत होतं, माहिती किती पूर्ण आहे!

खोटे नंबर निदान कुणाच्या फोनवर वाजणार नव्हते. खऱ्या नंबरांतला नको असलेला कुठला, हे मात्र तक्ता सांगू शकत नव्हता. अंबादासने शाळांची यादी काढली, आणि पहिल्या शाळेला फोन लावला.