समुद्रावरची रोजची फेरी

तो तपास आजही डोक्यातून जात नाही, आणि आठवतो तेव्हा आधी अक्षर आठवतं. निळ्या शाईतलं, सुबक, एकही खाडाखोड नसलेलं.

पेरुंगुडीच्या एका गृहसंकुलात राहणारा आयटीतला तरुण सकाळीच ठाण्यात आला. सत्तरी ओलांडलेले वडील आदल्या दिवसापासून बेपत्ता होते. त्यांना विस्मरणाचा आजार होता. आमच्या तमिळ मुलखातल्या ठाण्यात मराठी कानावर पडणं अपूर्वाईचंच. माझ्या घरची तंजावरी मराठी आणि त्याची विदर्भाकडची, तरी आमचं जमलं. हरवल्याची नोंद झाल्यावर त्याने पिशवीतून एक वही काढली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजाऱ्याचं खाणं, झोप, औषध, फिरणं रोज चार ओळींत टिपत जा. वहीत काही महिन्यांची टिपणं होती. प्रत्येक दिवसाचा शेवट एकच: ‘संध्याकाळी अप्पांना समुद्रावर फिरवून आणलं. अप्पा आनंदात.’

वही पाहून वरिष्ठ भारावले. दुपारी तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर ड्रोन उडालं, कॅमेरे आले, त्यांच्यासमोर ‘आदर्श पुत्रा’चं कौतुक झालं. साहेबांना कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहिलेलं मी अख्ख्या सेवेत पाहिलं नाही. ठाण्यातली सगळी माणसं अंधार पडेपर्यंत वाळू तुडवत होती. अप्पा मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हेड कॉन्स्टेबल ती वही चाळत बसला होता. मला तो ‘अय्या’ म्हणायचा, आमच्याकडचं ‘साहेब’.

“अय्या, ही वही आपल्याच खात्यातली वाटते.”

“म्हणजे?”

“तपासणीच्या आदल्या दिवशी आपण डायऱ्या भरतो ना, तशी. एका बैठकीत.”

पोलिसाने रोजचं काम रोज लिहावं असा नियम आहे. नियमाबद्दल आम्हाला आदर असल्यामुळे आम्ही तो महिनाअखेरीस एकदम पाळतो. अशी डायरी आम्हाला लांबून ओळखू येते. एकच पेन, एकच तिरकेपणा, शेवटच्या पानांवर दमलेला हात. खऱ्या डायरीत एखादा दिवस कोरा असतो, एखाद्या दिवशी ‘विशेष काही नाही’ असतं. मी वादळी पावसाचा आठवडा उघडला. त्या आठवड्यात आम्ही पेरुंगुडीत होड्या घेऊन फिरत होतो. वहीत मात्र अप्पा समुद्रावर आनंदात होते.

मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं.

“ही कधी लिहिलीत?”

“रोज, साहेब.”

“घरात पाणी शिरत होतं तेव्हासुद्धा?”

“तो... तो एक दिवस चुकून लिहिला असेल.”

“हे बघा, मला तुम्हाला अडकवायचं नाही. मला तुमचे वडील शोधायचेत. समुद्रावर कितीदा नेलंत?”

त्याने टेबलावरची वही मिटली. “एकदाच. डॉक्टरांनी सांगितल्यावर पहिल्याच रविवारी.” मग म्हणाला, “ताई नागपूरहून येतेय. मी तिला फोनवर सांगत आलो, सगळं लिहून ठेवतोय म्हणून. आल्याआल्या ती वही मागणार. परवा अप्पा दिसेनात, तेव्हा बसून लिहिली.”

“मग दिवसभर ते करायचे काय?”

“माहीत नाही, साहेब.”

त्या प्रकरणातला हा पहिला खरा जबाब.

सून हळूच म्हणाली, “त्यांच्या चपलांना लोखंडाचा कीस चिकटलेला असायचा. आणि काळं तेल. फरशी खराब होते म्हणून मी बोलायचेसुद्धा त्यांना. आम्ही दोघं ऑफिसात. ते कुठे जायचे, कुणी विचारलंच नाही.”

मुलाने मान वर केली. त्याला आठवलं, अप्पांची सगळी नोकरी शहरातल्याच गिंडीच्या एका लहान कारखान्यात, लेथ मशीनवर झाली होती.

कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने फोटो लगेच ओळखला. “आमचे तात्ता!” तो म्हणाला. तात्ता म्हणजे आजोबा. “ रोज बसने यायचे. इथे बसून मशीनचा आवाज ऐकायचे. चहा दिला तर घ्यायचे. परवा घेरी येऊन पडले, मी रुग्णवाहिका बोलावली.”

सरकारी रुग्णालयात ‘अनोळखी पुरुष’ अशी नोंद होती. अप्पा आदल्या संध्याकाळी वारले होते. त्या वेळी आम्ही किनाऱ्यावर होतो.

“काल दिवसभर शुद्धीत होते,” नर्स म्हणाली. “बोलत होते, पण तमिळ नाही. कुठली भाषा ते कुणालाच कळेना. ‘बाळ, बाळ’ एवढंच ऐकू यायचं. काय अर्थ हो त्याचा?”

नोकरीपुरती शिकलेली तमिळ अप्पा आजारात विसरले होते. बाळ हे मुलाचं घरातलं नाव. तो माझ्या शेजारीच उभा होता.

गुन्हा काही घडला नव्हता. कागद मिटले, वही परत केली. ती घेताना तो एवढंच म्हणाला, “ताईला सांगू नका.” सांगायची वेळ आली नाही, तिने वहीबद्दल विचारलंच नाही.

मुलगा वाईट नव्हता. लाज वाटली की माणूस आधी कागद नीट करतो, हे मी साहेबांपासून शिपायापर्यंत पाहिलेलं आहे. निवृत्तीनंतर मीही झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहितो. बहुतेक दिवशी ‘विशेष काही नाही’. न केलेलं काम ‘केलं नाही’ असंच लिहितो. वाचायला बरं वाटत नाही, पण उपयोगी पडतं. त्या वहीत कुठेही ‘आज अप्पा दिवसभर कुठे होते, माहीत नाही’ एवढं एक वाक्य असतं, तर आम्ही समुद्रावर गेलो नसतो. आणि अप्पांच्या खाटेशी त्या दिवशी मराठी कळणारं कुणीतरी असतं.