रोह्यातली कुमसाराची रांग

आमचे फादर कुणाच्या कुमसारातलं अवाक्षर बाहेर काढत नाहीत. तरी रोह्यातल्या आमच्या छोट्याशा चर्चमधले कुमसाराचे, म्हणजे पापं कबूल करून माफी मागण्याचे, एवढे किस्से माझ्याकडे जमले कसे? अहो, माफी मिळालेला माणूस इतका हलका झालेला असतो की बाहेर येऊन सगळं पुन्हा सांगतो! आणि चहा वाटायला मीच उभी असते.

*

आमच्या चर्चमधला मायकल कंपनीतली फर्स्ट शिफ्ट संपवून तसाच आला. गुडघे टेकले आणि म्हणाला, "फादर, गेल्या महिन्याचंच सगळं. रिपीट!"

फादर म्हणाले, "बरं. पश्चात्ताप तरी फ्रेश आणलायस ना?"

*

निडी गावच्या रोझीमावशी. अर्धा तास आत. स्वतःचं एक नाही, सगळी जावेची पापं! फादरांनी शांतपणे ऐकलं आणि पन्नास वेळा 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला सांगितलं.

"पन्नास? एवढं काय केलंय मी?"

"तुमचे पाचच. बाकीचे जावेचे. तिची पापं तुम्ही सांगितलीत, प्रायश्चित्तही तुम्हीच करा."

पुढच्या महिन्यात मावशी दोन मिनिटांत बाहेर!

*

मावशींना रिक्षातून आणणारे हमीदभाई एकदा मला म्हणाले, "दीदी, मावशी येताना माझ्याशी भांडते ते समजू शकतो. पण माफी घेऊन जातानाबी भांडते, ते कसं?"

मी म्हटलं, "ते पुढच्या महिन्यासाठी!"

*

मी तरी कुठली साधी? एकदा ऐटीत सांगितलं, "फादर, या महिन्यात एकपण पाप नाही."

फादर म्हणाले, "छान. मग गर्वापासून सुरुवात करू."

*

शांतानकाका आमच्या चर्चची झाडलोट करतात, घंटा वाजवतात. वय सत्तर. एका रविवारी मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, वाईनची नवी बाटली सापडेना. फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुम्ही घेतलीत?"

काकांनी चाव्या बाकावर ठेवल्या आणि चालते झाले.

दुसऱ्याच दिवशी बाटली मिळाली, फादरांच्याच बॅगेत! जिते गावात एका घरी मिस्सा करायला त्यांनीच नेली होती. फादर दोनदा काकांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं नाही.

ईस्टरच्या आधी पेणहून पाहुणे फादर कुमसार ऐकायला आले. दोन आठवडे चर्चला न फिरकलेले काका त्या दिवशी रांगेत दिसले. थोड्या वेळानं आमचे फादरही आले (त्यांनाही कुमसार दुसऱ्या फादरांकडेच करावा लागतो) आणि नेमके त्यांच्या मागे उभे राहिले.

फादरांनी हात जोडले. "काका, आरोप सगळ्यांसमोर केला, माफीही सगळ्यांसमोर मागतो. मी चुकलो."

काकांनी फादरांचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाले, "माफ केलं, फादर."

तेवढ्यात पडद्याआडून हाक आली, "पुढचं कोण?"

काकांचा नंबर होता, पण मायकल म्हणाला, "काका, फादरांना जाऊ द्या ना आधी."

"नाय, नाय! आधी मी," काका म्हणाले. "दोन आठवडे फादरला काय काय शिव्या घातल्या, त्या आठवतायत तोवर सांगून येतो!"