इम्पॅक्ट फॅक्टर नसलेला खोकला

"इम्पॅक्ट फॅक्टर किती?"

सोमवारच्या बैठकीत विभागप्रमुखांनी विचारलं. आमच्या मेडिकल कॉलेजात ही रीत आहे. ज्याचा शोधनिबंध छापून आला, त्यानं उभं राहून त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठ्यानं सांगायचा. तिथले लेख इतर संशोधक सरासरी किती वेळा आधाराला घेतात, त्याचा हा आकडा. नियतकालिकाचा. लेखाचा नव्हे. टाळ्या मात्र आकड्यालाच पडतात.

"नाही सर," मी उभी राहून म्हणाले. "राज्यातलं नियतकालिक आहे."

"म्हणजे छापलाच नाही म्हण."

सगळे हसले. माझ्याच बॅचचा सहकारी म्हणाला, "मॅडम, तिकडं राखीव जागा नसतात ना!"

प्रमुखही हसले. मी खाली बसले.

मग तो उठला. परदेशी नियतकालिक. आकडा दोन अंकी. लेखावर तिकडे प्राध्यापक असलेल्या मामाचंही नाव. टाळ्या.

मला राग यायला हवा होता. आला हेवा. तो आकडा मला हवा होता. त्याचं इंग्रजी, तो मामा, ते निवांत उभं राहणं, सगळं हवं होतं. घरी मी त्याचा लेख वाचला. चांगला होता. आणखी जळाले.

माझा लेख कवठे महांकाळकडच्या बेदाणा शेडमधल्या बायकांच्या खोकल्यावर होता. बेदाणा पिवळा दिसावा म्हणून गंधकाची धुरी देतात. माझी आई तिथंच बेदाणा निवडायची. तिचा खोकला ऐकत मी बारावी केली. पहिल्या पाहणीत फुप्फुसं तपासायच्या यंत्रात फुंकताना तिची मैत्रीण म्हणाली होती, "आवं बाई, किती फुकायचं? चूल हाय व्हय ही?"

काही दिवसांनी प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. तोही बसलेला.

"त्या शेडमध्ये तू केलेल्या दुसऱ्या पाहणीची माहिती याला दे. हा मोठ्या ठिकाणी छापून आणेल. तुझं नाव मध्ये कुठंतरी येईल. बढतीचं बघायचंय ना?"

मोह झाला. दोन अंकी आकडा माझ्याही नावाला लागला असता.

त्यानं पेन काढलं. "ती शेड कुठं आहे म्हणालीस? म्हसवडला ना?"

त्याला गावही माहीत नव्हतं.

"पहिलं नाव माझं," मी म्हणाले. "नाहीतर माहिती मिळणार नाही."

"हेवा वाटतो तुला याचा," प्रमुख म्हणाले.

"वाटतो, सर."

बढती त्याला मिळाली. हेवा गेलेला नाही. तो मी जाऊ देणार नाही. दुसरी पाहणी मी स्वतः लिहिते आहे. त्याच परदेशी नियतकालिकाकडे पाठवणार. परत आली तर दुरुस्त करून पुन्हा. पहिलं नाव माझं, शीर्षकात गाव.

छापून येईल त्या सोमवारी मी उभी राहीन. ते आकडा विचारतील.

मी गावाचं नाव सांगेन. आकडा सांगणार नाही.