एकाच सालात रमलेले सर

आमचे इतिहासाचे सर दर शनिवारी एकच साल शिकवायचे. इसवी सनापूर्वी दोनशे अठरा. बेळगावातल्या आमच्या शाळेत पोर्शन संपवायची सगळ्यांना घाई, आणि हे आपले त्याच सालात ठिय्या देऊन! हेडमास्तर कपाळाला हात लावायचे. सर म्हणायचे, "एका राजाची गोष्ट कुणीबी सांगंल. पण त्याच साली बाकीचे काय करत होते?"

म्हणून प्रत्येक बाक म्हणजे एक राज्य. पुढची हुशार मंडळी रोम. खिडकीजवळ अशोकामागे उतरणीला लागलेले मौर्य. चीनमध्ये पहिला सम्राट गादीवर, म्हणून शोभा दप्तरांची भिंत घालून बसायची. इजिप्त आणि सीरिया शेजारी, त्यांचे चिमटे चालूच. शेवटच्या बाकावर मी, रोमचं हाडवैरी कार्थेज, त्याचा सेनापती हॅनिबल, आल्प्स ओलांडून रोमवर निघालेली. एकदा खरंच पट्टी घेऊन पुढच्या बाकावर चालून गेले. सरांनी रोमला आणि मला एकत्र जेवायला बसवलं. "युद्ध त्या सालातलं, डबा आजचा," म्हणाले. रोमची शेंगाचटणी लई झकास होती.

पुढच्या सालाचं बोलायला मात्र सक्त मनाई. "त्यास्नी ठाऊक होतं व्हय, पुढं काय होणार?" माझा जीव टांगणीला! हॅनिबल रोम घेतो की नाही? सरांचं डोकं खाल्लं. "पुढच्या वर्षी सांगतो गं, दम धर." आणि पुढचं वर्ष यायच्या आत सर रिटायर! निरोपाला, गळ्यात हार असताना, मी त्यांना आडवी गेले.

"सर, आता तरी सांगा की!"

"न्हाय. तूच शोध, आणि हिंडलग्याला घरी येऊन मला सांग."

असला राग आला! चार दिवस लायब्ररीत काढले आणि सायकल हाणत हिंडलगा गाठलं. "सर, रोमच्या दारापर्यंत गेला हो. आत न्हाय गेला. शेवटी हरला," म्हणता म्हणता मला रडूच फुटलं. सर हसले नाहीत. पहिल्यांदाच ऐकल्यागत म्हणाले, "अरारा! आणि घरात त्याची वाट बघणारं कोण होतं गं?" ते मी बघितलंच नव्हतं. "मग चहा घे, आणि परत जा लायब्ररीत."

तेव्हापासून आमचं हेच. मी उत्तर न्यायची, सर नवा प्रश्न द्यायचे. त्या नादात मी निपाणीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. गेल्या उन्हाळ्यात सर म्हणाले, "सगळं जग फिरलो की गं. त्या साली आपल्या हितं, मार्कंडेय नदीच्या काठाला, माणसं काय करत होती?"

गणपतीत सर गेले. राजांनी पुस्तकं भरलीत. आपल्या नदीकाठच्या माणसांचं त्या सालातलं अक्षर सापडत नाही. मी शोधतेच आहे. पण सर, सापडलं तर ऐकायला तुम्ही हवे होता हो.