मुकादमानं ठरवलेल्या पाच गाड्या

कुठली गाडी कधी धक्क्याला लावायची ते ठरवणं, एवढंच माझं काम. धक्का म्हणजे गोदामाच्या दारापुढचा सिमेंटचा उंच ओटा. ट्रकचा मागचा फाळका पाडला की तो बरोबर ओट्याला टेकतो आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन सरळ आत जातो. येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गोदाम आहे. पेंड येते, खत येतं, हंगामात सोयाबीन बाहेर जातं. धक्क्याला एका वेळी दोनच गाड्या लागतात. गेटबाहेर कधी तीन उभ्या असतात, कधी अकरा.

मी इथं लागलो तेव्हा हमालांच्या टोळीत चौदाजण होते. तीन वर्षांत आठ उरले. एकानं धाराशिवला रिक्षा घेतली, दोघं पुण्याकडच्या गोदामात गेले, बाकीचे कुठं पांगले ते मला माहीत नाही. माणूस सोडून गेला की पुण्याचं मुख्य कार्यालय माझ्याकडून एक फॉर्म भरून घ्यायचं. सोडण्याचं कारण: प्रकृती, घरगुती अडचण, दुसरी नोकरी, इतर. मी दरवेळी 'इतर'वर खूण करायचो.

खरं कारण मला ठाऊक होतं. हमाल सकाळच्या पहिल्या एसटीनं आठला यायचे. गाडी नसायची. दुपारी एकपर्यंत शेडमध्ये बसून राहायचे, आणि मजुरी पोत्यावर असल्यामुळं ते बसणं फुकट. मग तीन-चारच्या सुमाराला एकदम सहा गाड्या यायच्या आणि प्रत्येक ड्रायव्हरला त्याच दिवशी मोकळं व्हायचं असायचं. कळंबकडं जाणारी शेवटची एसटी सव्वासहाला. ती चुकली की यांना गावाकडं कुणाच्या तरी मोटारसायकलवर लटकत जावं लागायचं.

"काम लई हाय म्हणून न्हाय चाललो सायेब," एकजण जाताना म्हणाला होता. "दिवसभर बसून ऱ्हायचं आन् सांजच्याला मरायचं, हे न्हाय जमत. येळ सांगा, कवा बी येतो."

वेळ मी कुठून सांगणार? कार्यालयानं यावर उपाय म्हणून संगणकावर वेळा वाटून द्यायला सुरुवात केली. प्रत्येक गाडीला तासाचा नंबर, आणि तो मोबाईलवर संदेशानं कळवायचा. संदेश जायचा गाडीमालकाला. मालक लातुरात नाहीतर सोलापुरात आपल्या घरी. ड्रायव्हरला त्याचा पत्ताच नसायचा. मी दोनदा कळवलं की फोन नंबर ड्रायव्हरचा घ्या. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं, आणि पुढं काहीच झालं नाही.

ड्रायव्हर मला शिव्या द्यायचे, हमाल माझ्याशी बोलायचं बंद करायचे, आणि पुण्याहून फोन यायचा की गाड्या का थांबल्यात. या तिघांनाही माझंच तोंड दिसायचं. घरी गेल्यावर मी बायकोशी नीट बोलत नसे. भाजीत मीठ कमी आहे एवढ्यावरून मी ताटावरून उठलोय, हे लिहिताना लाज वाटते.

टोळीचा मुकादम साठीला आलेला माणूस. कळंब रस्त्यावरच्या एका खेड्यातला. स्वतः पोती उचलणं त्यानं कमी केलं होतं, पण थप्पी लावावी तर त्यानंच. वीस-वीस पोत्यांची चवड तो अशी रचून घ्यायचा की टोचणी घालायला फट सापडू नये. बोलणं कमी. रागावला की डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायचा, तेवढंच.

एका गुरुवारी मुरुमकडचा एक ड्रायव्हर पेंड घेऊन आला होता. चाळिशीचा, अंगानं आडवा, घरच्यांशी फोनवर कानडी बोलायचा आणि आमच्याशी मराठी. बुधवारी दुपारी आलेला, म्हणजे पूर्ण एक दिवस तो गेटबाहेर बसून होता. त्याची गाडी मी साडेचारला धक्क्याला लावली. शेजारी खताची गाडी होती. आठच माणसं, दोन गाड्यांवर चार-चार. सहाला पाच कमी असताना मुकादमानं हात वर केला आणि टोळी थांबली. खताची गाडी रिकामी झाली होती, पेंडेची निम्मी.

"राह्यलेलं उद्या सकाळी," मुकादम म्हणाला.

"मामा, निम्मी गाडी घेऊन कुठं जाऊ मी?" ड्रायव्हर म्हणाला. "ताडपत्री सोडलीय, माल एका अंगाला झालाय."

"एसटी जाती आमची."

"आन् माझा कालपासून जीव गेला त्याचं काय?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही आपसात बघा." आजवरच्या नोकरीत मी इतकं निरुपयोगी वाक्य दुसरं बोललो नसेन.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढला. त्यानं गाडी धक्क्यावरून काढली, नेऊन गेटात आडवी लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि पायरीवर बसला. आतली खताची गाडी अडकली, बाहेरच्या अडकल्या. बाहेरचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. हमालांना गाडीच्या बाजूनं निघून जाता आलं असतं. दोघं तसे निघालेही. पण मुकादम जागचा हलला नाही, म्हणून तेही थांबले. हायवेवरून एसटी गेली ती आम्ही सगळ्यांनी उभ्यानं पाहिली.

मुकादमानं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. "लाव गाडी धक्क्याला," तो म्हणाला.

उरलेली पोती त्यांनी उतरवली. ड्रायव्हर स्वतः वर चढून पोती फाळक्यापर्यंत ओढून देत होता. शेवटचं पोतं आत गेलं तेव्हा दिवस मावळत होता. ड्रायव्हरनं मागं पाहिलं आणि म्हणाला, "बसा सगळे. सोडतो." त्याची वाट दक्षिणेला, या लोकांची गावं अगदी उलटीकडं. मला काय वाटलं कोण जाणे, मीही केबिनमध्ये चढलो. मधे मुकादम, कडेला मी, मागं रिकाम्या हौद्यात सातजण.

येडेश्वरीच्या डोंगराकडं बघून ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचा एक हात छातीला लावला. मग मुकादमानंच विचारलं, "माल भरून निघतूस तवा तुला कळतंच की, हितं कवा पोचशील ते."

"कळतंय की. चार तास, फार तर पाच."

"मग मला फोन करत जा. उद्या आमची माणसं किती, कुठल्या गाड्या हाईत, म्या सांगतो. जागा असली तर ये. नसली तर घरी झोप, परवा ये."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यान्ला तू सांग."

ड्रायव्हर हसला. "माझं ऐकतील व्हय ते?"

"हॉर्न वाजवून दमले की ऐकतील," मुकादम म्हणाला. मला वाटतं त्या दिवशी तो पहिल्यांदाच गमतीनं बोलला.

आठवड्याभरात मुकादमाचा नंबर या वाटेवरच्या बहुतेक ड्रायव्हरांकडं पोचला. आठ माणसं साडेपाचपर्यंत पाच गाड्या व्यवस्थित खाली करू शकतात, असा त्याचा अंदाज होता. पाचच्या वर तो सहावी घेत नसे. दुसऱ्या दिवशीच्या पाच गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे आकडे तो गोदामाच्या लोखंडी दारावर आतल्या बाजूनं खडूनं लिहून ठेवायचा. पहिल्या दोन गाड्या सकाळी आठला गेटवर हजर असायच्या. एखादी वाटेत बंद पडली तर ड्रायव्हरचा फोन यायचा आणि मुकादम दुसऱ्याला पुढं बोलवायचा. संगणकातल्या वेळा मी मागाहून त्याच्या हिशेबानं भरायचो. कार्यालयाला कागद स्वच्छ दिसायचे.

ते तीन-साडेतीन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात शांत. सोडून गेलेल्यांपैकी दोघं परत आले. दुपारी ड्रायव्हर आणि हमाल एकाच शेडखाली भाकरी खाताना दिसायचे. मुरुमचा ड्रायव्हर एकदा घरची शेंगाचटणी घेऊन आला. पुण्याहून माझं कौतुक करणारा संदेश आला की, नवी पद्धत तुमच्याकडं उत्तम राबवली जात आहे. मी तो मुकादमाला वाचूनही दाखवला नाही. कौतुक मी एकट्यानं घेतलं.

मग पाहणीला एक अधिकारी आले. तिशीच्या आतले, वागायला सभ्य. गोदामात फिरताना त्यांनी दारावरचा खडू पाहिला.

"हे काय आहे?"

मी सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यात त्यांनी विचारलं, "म्हणजे वेळा हमालांचा मुकादम देतो? संगणकातल्या वेळा मग खोट्या?"

त्या क्षणी माझ्यापुढं दोन उत्तरं होती. संगणकात आकडे भरणारा हात माझा होता. मी म्हणालो, "तो परस्पर करतो, साहेब. मला नीट कल्पना नव्हती."

"ड्रायव्हरांकडून काही घेतो का?"

तो कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नसे. हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही."

चार दिवसांनी लेखी आदेश आला. हमालांपैकी कुणीही ड्रायव्हरांशी परस्पर संपर्क ठेवायचा नाही, मुकादमाकडून खुलासा घ्यावा. तो कागद मीच त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत होतं, पण हळूहळू. मी तोवर खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

"सायेब," तो म्हणाला, "तुमाला ठावं हुतं, हे तुमी सांगितलं न्हाय व्हय?"

मी म्हणालो, "मुकादम, तुम्ही खुलासा लिहून द्या. मी पाठवतो. मिटून जाईल."

"काय लिहू? मी पैसं घेतलं न्हाईत म्हणून लिहू?" त्यानं कागदाची घडी घातली, टेबलावर ठेवली. "असलं लिहून देयाला मी काय केलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. शनिवारपर्यंत सगळी टोळीच यायची बंद झाली.

मग ठेकेदाराची माणसं आली. पंधरा दिवसांत तीही बदलायची. नव्या माणसाला थप्पी शिकवेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. एकदा पेंडेची चवड कलंडली आणि एकाचा पाय मुरगळला. थोडक्यात बचावला, नाहीतर काय झालं असतं त्याचा विचार मी करत नाही. गेटबाहेर पुन्हा रांगा लागल्या. फॉर्म पुन्हा भरायला लागले.

मुरुमचा ड्रायव्हर महिन्याभरानं आला. "मामाचा फोन लागतो, पण म्हणतात आता तिथं न्हाय मी. काय झालं?"

मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. कदाचित त्यानं माझ्याशी भांडावं असं मला वाटत असेल. तो भांडला नाही. त्यानं गाडीकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं. "आज होईल का खाली?" एवढंच विचारलं. दोन दिवसांनी झाली. त्यानंतर ते भाडं त्यानं घेतलं नाही. दुसरेच ड्रायव्हर येतात.

एका रविवारी मी कळंबला गेलो. मुकादम बाजारात एका आडत दुकानात लागला होता. धान्याच्या ढिगाजवळ उभा राहून तो दोन पोरींना पोती कशी शिवायची ते दाखवत होता. मला पाहून त्याला ना आनंद झाला, ना राग आला. चहा मागवला. मी म्हणालो, "चूक माझी होती. मी खोटं बोललो."

"ठाव हाय मला."

"मी साहेबांना लिहितो. परत या तुम्ही."

त्यानं बशीत चहा ओतला. "लिहा की. तुमच्या जीवाला बरं वाटंल." मग थोडं थांबून म्हणाला, "पर मी न्हाय येणार. मला हितं बरं हाय. आन् सायेब, तुमी बी लई वाईट मानून घेऊ नका. तुमाला बी कुणी कवा इचारलं न्हाय."

त्याचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं. मला विचारलं होतं, अगदी सरळ विचारलं होतं. पण त्या दुकानात मी त्याला ते दुरुस्त करून सांगितलं नाही.

परत आल्यावर मी कार्यालयाला पत्र लिहिलं. वेळा मुकादमानं माझ्या संमतीनं ठरवल्या, संगणकात मी भरल्या, त्यानं कुणाकडून काही घेतलं नाही, आणि ती पद्धत चालत होती. हे चार मुद्दे लिहायला मला तीन संध्याकाळ लागल्या. नोकरी जाईल असं वाटलं होतं. खरं तर तशी थोडी इच्छाही होती.

उत्तर आलं. पत्राबद्दल आभार मानले होते. पुढच्या महिन्यापासून वेळेचे संदेश मालकाबरोबर ड्रायव्हरलाही जातील, असं कळवलं होतं. मुकादमाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. माझ्याबद्दलही नव्हता.

आता ड्रायव्हरला संदेश जातो. तो वेळेवर येतो. धक्क्यावर पोती उतरवायला पुरेशी माणसं नसतात. काल दुपारी एकजण मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "अकराची वेळ दिलीय बघा, तुमच्याच कंपनीनं." त्याचं बरोबर होतं. मी त्याला शेडखाली बसायला सांगितलं आणि ठेकेदाराला फोन लावला. तो व्यस्त लागत होता.