बोल्टमागची अक्षत

"ताई, परत अडकली," असं म्हणत मिलिंदनं बंदुकीची केस माझ्या टेबलावर ठेवली. मी नुकताच डबा उघडला होता. मुकाट्यानं बंद केला. ही बंदूक आली म्हणजे पोळी-भाजीचं आज काही खरं नाही.

मी अमेरिकेत, नेपरव्हिलच्या पश्चिमेला एका बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात काम करते. गनस्मिथ. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर 'मशीन रिपेअर करते' एवढंच सांगते, कारण खरं सांगितलं की समोरची बाई हातातली प्लेट घेऊन दोन पावलं मागे सरकते. नागपूरला मेकॅनिकल शिकले, इथे एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, तो बंद पडला, मग हे. आता साठीला आलेय, गुडघे बोलतात, आणि गिऱ्हाइकांचे शोध ऐकून ऐकून कान किटलेत. यूट्यूब बघून बंदूक 'इम्प्रूव्ह' करणारे लोक नसते तर मी केव्हाच घरी बसले असते.

मिलिंद त्यांतलाच. पुण्याचा, आयटीतला, सज्जन माणूस. त्याची मुलगी इरा इथेच जन्मली, इथल्याच कॉलेजात शिकते आणि क्ले शूटिंग करते. म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या शॉटगननं, छर्ऱ्यांच्या बंदुकीनं, फोडायच्या. शनिवारी कॉलेजच्या टीमच्या निवडीचं ट्रायआउट होतं आणि बंदूक ऐन वेळी दगा देत होती.

दोष काय ते सोपं करून सांगते. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये एक काडतूस उडालं की त्याच्याच गॅसच्या जोरावर बोल्ट नावाचा लोखंडी ठोकळा मागे जातो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, आणि जाता जाता तो नवं काडतूस आत घेतो. याला आम्ही सायकल म्हणतो. इराच्या बंदुकीत बोल्ट अर्ध्यातच दमायचा. रिकामं काडतूस दारातच अडकायचं, आणि तोवर पुढची तबकडी खुशाल निघून जायची.

पहिल्यांदा आली तेव्हा मी गॅसची भोकं साफ केली आणि आमच्या इनडोअर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या बंद हॉलमध्ये, चालवून बघितली. मस्त चालली. दोन दिवसांत परत. गॅसचा जोर बोल्टपर्यंत पोचवणारा पिस्टन मिलिंदनं बाहेरचा घातला होता, तो काढून कंपनीचा घातला. इथे पुन्हा मस्त. मैदानावर गेली की रडगाणं सुरू. जड काडतुसं घातली तर चालायची, पण त्यांचा दणका इराच्या खांद्याला झेपत नव्हता. धक्क्याच्या भीतीनं ती आधीच डोळे मिटायला लागली होती.

आज ही तिसरी खेप, तेव्हा माझा मालक डेल स्वतः टेबलाशी आला. बंदुकीकडे बघून म्हणाला, "सुनंदा, हा दस्ता होममेड आहे. काढ, फॅक्टरी स्टॉक लाव आणि पाठव. गराजमधल्या कामाची गॅरंटी मी नाही घेणार."

खांद्याला टेकवायचा हा लाकडी दस्ता म्हणजे मिलिंदचा जीव. इराचे हात आखूड, खांदे अरुंद, आणि दुकानातली बंदूक सहा फुटी पुरुषाच्या मापाची. म्हणून त्यानं गराजमध्ये बसून दस्ता कापला, घासला, तिचा गाल टेकतो तिथे नेमका उंचवटा बसवला. मला त्याचा राग यायचा, पण काम बघून तोंड बंद ठेवावं लागलं. ती बंदूक त्या पोरीला मापानं शिवलेल्या ब्लाउजसारखी बसत होती. फॅक्टरी स्टॉक लावला की ट्रायआउट गेलंच म्हणून समजा.

इरा शेजारीच उभी होती. "बाबा, आय टोल्ड यू. डोन्ट टच माय गन. मी कोचची घेईन. आणि प्लीज, तुम्ही सॅटर्डेला येऊ नका."

"अगं, पण कोचची तुला लांब पडते..."

"ॲटलीस्ट चालते तरी!"

 मिलिंद केसची झिप उगाच उघडत-मिटत राहिला. खरं सांगते, मला त्याची कीव आली आणि वैतागही आला. घरची भांडणं घरी मिटवून या ना बाबांनो, मला का साक्षीला घेता!

दोघांना काउंटरजवळच्या खुर्च्यांवर बसवलं आणि बंदूक घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे हीटर नाही. नोव्हेंबरचा गारठा नुसता हाडात शिरतो. स्वेटर शोधून, मध्येच आलेला फोन आटोपेपर्यंत बंदूक अर्धा तास तशीच गारठ्यात टेबलावर पडली होती. परत येऊन, रिकामी आहे ना ते बघून, बोल्ट हातानं मागे ओढला आणि सोडला. खटकन पुढे जायला हवा होता. तो आपला रेंगाळत गेला, सोमवारी ऑफिसला निघालेल्या माणसासारखा.

अस्सं! म्हणजे आत उबेत चालते, बाहेर थंडीत अडकते. थंडीत घट्ट काय होतं? चिकटा. आणि मी साफ केली नव्हती अशी एकच जागा उरली होती. बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग या बंदुकीत दस्त्याच्या आत एका नळीत असते. ती उघडायची तर दस्ता काढावा लागतो, आणि मिलिंदनं बसवलेलं माप बिघडू नये म्हणून मी दोन्ही वेळा तिला हात लावला नव्हता. आता तसाही तो काढायचाच होता.

काढला. स्प्रिंग बाहेर ओढली. तिच्यावर लालसर पिवळा लगदा. गंज म्हणावा तर गंज नाही. बोटावर घेऊन वास घेतला. हळद! नळीत काडी फिरवली तर टोकाला लागून कुंकू माखलेला एक तांदळाचा दाणा बाहेर आला.

मी स्टुलावर बसून घेतलं. या टेबलावर चिखल आला, कोळ्याचं जाळं आलं, एकदा तर उंदराचं घरटं आलं. अक्षता पहिल्यांदाच.

दाणा कागदावर घेऊन बाहेर गेले. "मिलिंद, दसऱ्याला काय केलंत?"

त्याचा चेहरा पडला. "पूजा केली, ताई. घरात पहिल्यांदाच शस्त्र होतं. एरवी आम्ही लॅपटॉप आणि स्क्रू-ड्रायव्हर पूजतो. रिकामी होती, दोनदा बघितलं. सेफ्टी म्हणून बोल्टसुद्धा उघडाच ठेवला होता."

नियम अगदी बरोबर पाळला होता. बंदूक ठेवताना बोल्ट मागे ओढून उघडाच ठेवायचा असतो, म्हणजे ती रिकामी आहे हे कुणालाही दिसतं. फक्त वरून हळद-कुंकू आणि अक्षता वाहायच्या नसतात. सगळं उघड्या दारातून थेट आत.

"आणि नंतर?"

"नंतर कुंकू पुसायला तेल मारलं. भरपूर."

"भरपूर! म्हणजे सगळं मागच्या नळीत वाहवलंत आणि आत कणीक मळलीत." मी कागद इरासमोर धरला. "तुझ्या बाबांच्या दस्त्यात काही खोट नाही गं. हा बघ गुन्हेगार."

इरा दाण्याकडे बघत राहिली. "बाबा, यू डिड पूजा ऑफ माय गन?"

"तू झोपली होतीस. म्हटलं, तू हसशील." मिलिंद खाली बघत म्हणाला. "तुझं ट्रायआउट येत होतं ना गं. मला नेम धरता येत नाही, दुसरं काय करणार मी?"

आता ही पोरगी चिडणार असं मला वाटलं.  पण ती एकदम स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला उठवायचं ना, बाबा."

मी नळी धुतली, स्प्रिंग पुसली, कोरडीच बसवली आणि मिलिंदचाच दस्ता परत लावला. या वेळी चाचणी दुकानामागच्या मोकळ्या आवारात, थंडीतच घेतली. इरानं हलक्या काडतुसांचा अख्खा डबा संपवला. एकही अडकलं नाही. मिलिंद तिच्या मागे रिकामी काडतुसं वेचत होता आणि ती त्याला 'तिथे एक राहिलं' म्हणून दाखवत होती.

डेलनं विचारलं, "काय होतं?"

"राइस."

"राइस? बंदुकीजवळ जेवू नका असं मी शंभरदा सांगितलंय!"

त्याला शस्त्रपूजा समजावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. सॉरी म्हटलं आणि माझा थंडगार डबा उघडला.

इरा टीममध्ये आली. शनिवारी मिलिंदला तिनंच गाडीत घालून नेलं.

तेव्हापासून मी एक सवय बदललीय. पूर्वी विचारायची, बंदुकीत काय काय बदललंत? आता विचारते, बंदुकीला काय काय केलंत? आणि आपली माणसं दसऱ्याआधी दुकानात आली की सांगून ठेवते: पूजा खुशाल करा, पण केस बंद ठेवून करा, आणि पोरीला उठवा.