जिन्याखालचा डबा

जगातली कुठलीही वस्तू निकामी होत नाही, तिला फक्त दुसरी नोकरी लावून द्यावी लागते, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा. सिटी चौकातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्यांनी कधीच बंद केलं. दुरुस्ती मात्र बंद झाली नाही. गुलमंडीवरच्या एका सराफानं सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा भंगारात काढला, तो चाचांनी उचलून आणला. याच्या पोटात लिनक्स आहे, अख्खा कॉम्प्युटर चालवणारं, म्हणजे हा शिकलेला माणूस, उगाच पहारेकरी करून ठेवला होता, असं त्यांचं म्हणणं. महिनाभर भिंगातून बघत त्यांनी आत केसाएवढ्या तारा सोल्डर केल्या, जुनं सगळं पुसून आपलं घातलं, आणि जिन्याखाली आमच्या चार घरांचा सर्व्हर सुरू झाला. लग्नाचे फोटो, वीजबिलं, सातबारे, सगळं त्यात. "ढगात कशाला ठेवता, भाऊ? जिन्याखाली ठेवा. जाताना-येताना दिसतं तरी." मे महिन्यात घरातला एकुलता कूलर खाली डब्यापुढं आणि चाचा वर टॉवेलनं वारा घेत बसलेले. चाची जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "निकाह मेरे से, कूलर उसकू." नियम एकच होता: आधी फोनवरून डब्याला झोपवायचं, मगच वायर काढायची. तो त्यांनी आमच्याकडून पोरांच्या पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

आता जे इतके महिने कुणाला बोललो नाही, ते. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि आलं की माणूस माणसात राहत नाही. त्या सकाळी नेमका माझ्या पाण्याच्या मोटारीचा भिंतीवरचा पॉइंट जळाला. मी जिन्याखाली गेलो, डब्याची वायर उपटली, तिथं मोटार लावली. वीस मिनिटांनी डबा पुन्हा जोडला, तर तो उठेना.

चाचा चार दिवस तो उघडून बसले. बॅटरी धरायला शेजारी मीच. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, "सोल्डर कच्चं पडलं, भाऊ. हात थरथरतो आता." यावर मी, वयाप्रमाणं व्हायचंच, असं म्हणालो. फोटो बहुतेकांच्या फोनमध्ये होतेच; गेलं ते दुसरंच. त्यानंतर कुणी मिक्सर घेऊन वर गेलं की चाचा दारातूनच दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायला लागले.

परवा वर जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं सोल्डर पक्कं होतं?"

हो म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा हो म्हणालो.

"चार महिने मी कप दोन हातांनी धरतोय," आवाज न चढवता ते म्हणाले. मग, "पाणी तरी भरलं का?"

"अर्धी टाकी."

चाचींनी चहा आणला. चाचांनी कप एका हातानं उचलला. बशीत थोडा सांडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.